बंद वस्तूंचा पाट

विमान न बघता विमानात काय चुकलं आहे हे सांगू शकणारा माणूस अख्ख्या भोरमध्ये एकच होता, आणि तो माझा सासरा होता. आमच्या डोंगरांवरून विमान कधी गेलंच तर इतक्या उंचावरून जाई की नुसती घरघर ऐकू यायची. मामंजी अंगणात येत, कपाळावर हात आडवा धरून आभाळ धुंडाळत आणि घरघर विरली की आत येऊन सांगत, "जड बांधलंय. आणि उतरायची सोय अजून कुणी नीट बघितलेली नाही." उतरायची सोय म्हणजे नेमकं काय, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. विचारलं असतं तर त्या दिवशीचा स्वयंपाक राहिला असता.

गावात त्यांना व्हीपीतात्या म्हणत. पोटापाण्यासाठी ते संस्थानच्या कचेरीत कारकून होते, पण त्यांचा जीव होता वर्तमानपत्रातल्या जाहिरातींत. पुण्याहून सर्व्हिस मोटारीनं येणारं वर्तमानपत्र आमच्याकडे शिळं होऊनच पोचायचं. ते हातात पडलं की मामंजी आधी शेवटचं पान उघडत. तिथे मुंबई-कलकत्त्याच्या कंपन्या घड्याळं, पेनं, कंबरेचे विजेचे पट्टे, केस काळे करणारे कंगवे असला बाजार मांडून बसलेल्या असत. कार्ड टाकलं की वस्तू पोस्टानं व्हीपी होऊन येई. आधी पोस्टमनच्या हातावर पैसे ठेवायचे, मग पुडकं उघडायचं आणि मग कपाळाला हात लावायचा, असा क्रम होता. "खोटी बातमी छापायला काही लागत नाही," मामंजी म्हणत, "खोट्या जाहिरातीला पैसे मोजावे लागतात. म्हणून ती मन लावून लिहिलेली असते." एवढं कळत असूनही पुढच्या महिन्यात पोस्टमन दारात उभा असेच.

मी वाईहून लग्न होऊन या घरात आले ती एकोणीसशे तीसनंतरच्या सालांत कधीतरी. पहिल्या सकाळी मान खाली घालून बसले होते. सासऱ्यानं नव्या सुनेला काय काय विचारायचं हे ठरलेलं असतं, आणि त्याची उत्तरं आईनं माझ्याकडून घोकून घेतली होती. मामंजींनी विचारलं, "सूनबाई, तुमच्या माहेरी स्टो आहे ना? त्याला पिन कुठली वापरता?" ही पिन आईच्या यादीत नव्हती. मी घाबरून म्हटलं, "बाबा आणतात." "सारखी आणावी लागते?" "हो." मामंजी सासूबाईंकडे वळून समाधानानं म्हणाले, "बघ. त्यांचीही टिकत नाही." त्या क्षणापासून मी घरातली झाले.

कचेरीतून आले की कोट खुंटीला लावून ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसत. समोर सासूबाई विळीवर भाजी चिरत असत. मग मामंजी सुरू होत. दिवसभरात कानावर आलेलं प्रत्येक यंत्र ते उंबऱ्यावर खोलून ठेवत. सासूबाई विळीवरची नजर काढत नसत, फक्त 'हं' म्हणत. त्या 'हं'च्याही जाती होत्या. लांबलेलं 'हं' म्हणजे चालू द्या. तुटक 'हं' म्हणजे आमटी उतू जातेय, जरा थांबा. नाकातून आलेलं 'हं' म्हणजे हे तुम्ही मागच्या आठवड्यातही म्हणाला होतात. मामंजींना या सगळ्या जाती कळत आणि त्याप्रमाणे ते गाडी हळू-जलद करत.

मामंजींचं सगळं त्या 'हं'वर चालायचं. कचेरीत ऐकायचं काम त्यांचं आणि बोलायचं काम साहेबांचं. गावातले लोक तोंडावर "वा तात्या" म्हणत आणि पाठ फिरली की हसत. आमचे हे शाळेत मास्तर. दिवसभर पोरांचा गलका ऐकून आलेले असल्यामुळे वडिलांचा सूर लागला की यांना नीरेच्या काठी फिरायला जायची आठवण होई. मला कामं होती, आणि नसली तर मी काढत असे. राहता राहिल्या सासूबाई. दुसऱ्याचं मत मामंजींना नकोच असे, स्वतःची त्यांच्याकडे रगड होती. समोर बसून कुणीतरी 'हं' म्हणावं, एवढंच त्या माणसाचं मागणं होतं.

त्यांनी मागवलेल्या वस्तूंनी आमचं घर भरलेलं होतं. गजराचं घड्याळ होतं. ते पालथं ठेवलं तरच गजर होई, पण मग किती वाजले ते दिसत नसे. उताणं ठेवलं की वेळ दिसे, पण गजर होत नसे. "म्हणजे यात घड्याळं दोन आहेत," मामंजी म्हणाले, "आपल्याला एकाच्या किमतीत मिळाली." पेन होतं, ते लिहिताना कोरडं आणि खिशात असताना ओलं असे. कोटाच्या खिशाखाली निळा डाग कायमचा बसला तेव्हा सासूबाईंनी कोट त्यांच्यापुढे धरला. मामंजी शांतपणे म्हणाले, "पेन खिशाला लावायला असतं. लिहायला टाक आहे की." विजेचा पट्टा त्यांनी पंधरवडाभर कंबरेला बांधला. काही उतार पडला का, असं मी विचारलं. "आता पट्टाच इतका टोचतो," ते म्हणाले, "की कंबर दुखतेय का ते कळत नाही. औषध लागू पडलं असं म्हणायला हरकत नाही."

वस्तू बिघडली की कंपनीला इंग्रजीतून पत्र जाई. ते उंबऱ्यावर आधी मराठीतून वाचून दाखवलं जाई. सुरुवात 'आपल्या नामांकित कारखान्यास' अशी गोड आणि शेवट 'आपण स्वतः ही वस्तू घरी वापरता काय' असा. उत्तर बहुतेक वेळा येतच नसे. आलं तर त्यात नव्या मालाचं दरपत्रक असे. मामंजी रागारागानं ते उघडत आणि थोड्या वेळानं शांत होऊन म्हणत, "ही बत्ती मात्र बरी दिसते."

थर्मासची गोष्ट सांगितली नाही तर मामंजी मला माफ करणार नाहीत. कचेरीच्या कामासाठी त्यांना वेल्ह्याकडच्या गावांत फिरतीवर जावं लागे. पासलीला आमची थोडी भातखाचरं होती, ती धोंडीबा कसायचा आणि तिथे गेल्यावर मुक्काम त्याच्याकडेच असे. एकदा ते नवाकोरा थर्मास घेऊन निघाले. विंझरला बैलगाडी थांबली तेव्हा तिथल्या दुकानापुढे त्यांनी तो उघडून गरम चहा ओतून दाखवला. बघायला गर्दी झाली. पुढे पासलीला पोचेपर्यंत त्यांनी तो किती ठिकाणी उघडला देव जाणे, कारण पोचल्यावर आत चहाच नव्हता. धोंडीबाच्या ओट्यावर रिकामा थर्मास ठेवून ते कचेरीच्या कामासाठी माणसं गोळा करायला गावात गेले.

परत आले तर धोंडीबाची बायको अंगणात थर्मास खळाखळा हलवत होती. पाहुण्याचं भांडं उष्टं कसं ठेवायचं, म्हणून तिनं त्यात राख, पाणी आणि ओढ्यातले बारके खडे घालून ते घासायला घेतलं होतं. अरुंद तोंडाचं भांडं आमच्याकडे असंच घासतात, मीही घासलं असतं. आतल्या काचेचा पार भुगा झाला होता. मामंजी मटकन ओट्यावर बसले. धोंडीबानं थर्मास उपडा करून राख, खडे आणि काच एकत्र पडताना पाहिली आणि म्हणाला, "तात्या, आतनं काच कशापायी लावत्यात? ज्यानं ह्ये केलं त्याच्या घरी भांडी कोन घासतं?"

मामंजी फिरतीवरून आले ते संतापून नाही, उजळून आले. "धोंडीबानं नेमकं बोट ठेवलं," असं म्हणत ते उंबऱ्यावर बसले. कंपनीला पत्र गेलं, त्यात हा प्रश्न जसाच्या तसा घातला होता: ज्यानं हे केलं त्याच्या घरी भांडी कोण घासतं. पुढे वस्तू कुठलीही असो, हा प्रश्न ते तिला विचारतच. स्टोची पिन अडकली की मीसुद्धा विचारू लागले.

या मेलेल्या वस्तूंपैकी एकही मामंजींनी टाकून दिली नाही. खंडेनवमीला घरोघरी हत्यारांची, अवजारांची पूजा होते. शेतकरी नांगर-कोयते पुजतात, कारकून दौत-टाक पुजतात आणि पूजा झाली की त्या दिवशी अवजाराला हात लावत नाहीत, त्याला सुट्टी. आमच्याकडे दोन पाट मांडले जात. एका पाटावर चालू वस्तू असत: विळी, अडकित्ता, मामंजींचा टाक, माझी कात्री, स्टो चालत असेल तर स्टो. दुसरा पाट बंद वस्तूंचा. त्यावर गजराचं घड्याळ, पेन, पट्टा, थर्मासचा रिकामा डबा आणि इतर मंडळी. चालूंना एकेक फूल मिळे आणि बंदांना फूल मिळून वर चिमूटभर साखर. "आजाऱ्याला काय नैवेद्य दाखवायचा," मामंजी म्हणत. स्टो कुठल्या पाटावर बसवायचा यावरून दर वर्षी सासूबाईंचा आणि त्यांचा वाद होई. एक वर्ष तो दोन पाटांच्या मध्ये जमिनीवरच बसला.

ग्रामोफोन आंबवड्याच्या जत्रेत आला तेव्हा मामंजी कर्ण्यापुढे न बसता पेटीच्या मागे जाऊन बसले. "गाणं पुढून ऐकू येतं, बिघाड मागून ऐकू येतो," हे त्याचं कारण. गावातल्या एका वकिलांकडे रेडिओ आला तेव्हा मात्र मला वाटलं, हा माणूस आता हरवला. ते ऐकायला गेले आणि पाऊण तासात परत आले. उंबऱ्यावर बसून म्हणाले, "नको असली वस्तू. नुसता बोलत सुटतो. आपण मध्ये काही म्हटलं तर त्याला पत्ता नाही. जो आपलं ऐकून घेत नाही त्याचं आपण काय म्हणून ऐकायचं?" सासूबाईंनी भेंडी चिरता चिरता एक फार लांब 'हं' केलं. त्यात काय होतं ते मला कळलं, आणि हसू लपवायला मी अंगणात गेले.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी सासूबाईंना हिवताप आला. आमच्याकडे तो यायचाच. डॉक्टरांनी कोयनेल दिलं, कडू जहर. कान वाजतील पण थांबतील, असंही सांगितलं. ताप उतरला. कान वाजायचे थांबले आणि त्याबरोबर सगळंच थांबलं. अगदी कानाशी ओरडलं तर एखादा शब्द पोचायचा. सासूबाईंनी ते फारसं मनावर घेतलं नाही. "बरंच ऐकून झालंय माझं," एवढंच म्हणाल्या.

मामंजी पहिले काही दिवस नेहमीसारखे पाट घेऊन बसले. बोलायला सुरुवात करत. समोरून काही येत नसे. विळीवर खाली घातलेली मान आणि भाजीचा कचकच आवाज. ते वाक्य अर्धंच ठेवून उठत. हळूहळू पाट मांडायचे थांबले. वर्तमानपत्र घडीतच राहू लागलं. पोस्टमन एकदा सहज चौकशीला आला, "तात्या बरे आहेत ना?" म्हणून. इतकी वर्षं आम्हाला घरात शांतता हवी होती. ती मिळाली आणि चार माणसांच्या घरात जेवताना घास चावल्याचा आवाज येऊ लागला. मला ते सहन होईना. एकदा मीच उंबऱ्याशी बसून म्हटलं, "मामंजी, नव्या मोटारींना म्हणे हॅन्डल मारावं लागत नाही." ते माझ्याकडे बघून कसनुसं हसले. "असेल," म्हणाले.

धोंडीबा तांदूळ घेऊन आला, तेव्हा त्याच्यापुढे त्यांनी थोडं बोलून पाहिलं. पण धोंडीबाला स्वतःची मतं होती. मामंजी एक म्हणाले की तो दोन म्हणे. जाताना तो मला हळूच म्हणाला, "वैनीबाई, तात्यास्नी जबाब नगं हाय. तेंला निस्ता हुंकार पायजे. आन् त्यो काय मला जमत न्हाई, माजं त्वांड लई चालतं." मग ओट्यावर एकट्या बसलेल्या मामंजींकडे वळून बघत म्हणाला, "अशानं मानूस सुकतं हां."

कानांना ऐकू येण्याचं यंत्र निघालं आहे, ही जाहिरात माझ्या यजमानांना दिसली. त्यांनी ते पान बापापुढे ठेवलं. मामंजींनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. आम्हाला वाटलं, आता कार्ड जाणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी धुतलेला कोट काढला. "कानाची वस्तू पोस्टानं मागवत नाहीत," म्हणाले आणि सासूबाईंना घेऊन सर्व्हिस मोटारीनं स्वतः पुण्याला गेले. व्हीपीतात्या दुकानात पाय ठेवून, वस्तू लावून बघून, मग पैसे देणार, हे भोरमध्ये कुणाला खरं वाटलं नाही.

यंत्र आलं. गळ्यात अडकवायची एक काळी डबी, तिच्यातून निघालेली वायर आणि कानात घालायचं बटण. डबीत बॅटरी. सासूबाई खाली वाकल्या की ते कर्कश शिट्टी मारायचं आणि मांजर पळून जायचं. घरात आम्ही सगळे भोवती उभे होतो. मामंजी समोर बसले, घसा साफ केला. इतक्या दिवसांनी बायकोशी काय बोलतात म्हणून माझ्या डोळ्यांत आधीच पाणी आलं होतं. मामंजी म्हणाले, "वायर आखूड ठेवलीय. ज्यानं हे केलं त्याच्या घरी भांडी कोण घासतं?" सासूबाई म्हणाल्या, "ओरडता कशाला, ऐकू येतंय." आणि मामंजींनी कित्येक महिन्यांचं साठलेलं बोलायला सुरुवात केली. हॅन्डल नसलेल्या मोटारींचाही समाचार घेतला. विळीचा कचकचाट, मधूनच शिट्टी आणि 'हं'. मी त्या दिवशी भात मुद्दाम सावकाश केला.

पुढे लढाई पेटली आणि पुण्याच्या बाजारातून एकेक वस्तू नाहीशी झाली. डबीत घालायची बॅटरी विलायतेहून यायची, ती यायची थांबली. दुकानदारानं शिल्लक होती ती शेवटची दिली आणि हात जोडले. मामंजींनी ती घरी आणून सासूबाईंच्या हातात ठेवली. "ही जपून वापर. यानंतर नाही." सासूबाईंनी मान डोलावली.

आणि ती बॅटरी चालली. पावसाळा गेला, हिवाळा गेला, तरी चालली. मामंजी उंबऱ्यावर बोलत होते आणि सासूबाई 'हं' म्हणत होत्या. मामंजींनी आयुष्यात पहिल्यांदा एका वस्तूची तारीफ केली. कचेरीत, देवळात, नदीवर, भेटेल त्याला थांबवून सांगत, "लढाईच्या आधीचा माल. एकच बॅटरी, अजून चालू. याला म्हणतात कारागिरी." लोकांना धक्का बसला. व्हीपीतात्या एखाद्या कंपनीला चांगलं म्हणतात म्हणजे यांची तब्येत ठीक नसावी, असंही कुणी म्हणालं.

एकदा सासूबाई न्हायला गेल्या असताना डबी कोनाड्यात होती. फडक्यानं पुसायला म्हणून मी उचलली, तर तिचं मागचं झाकण निघालं. आत काही नव्हतं. बॅटरी नव्हतीच, नुसती मोकळी जागा. सासूबाई ओल्या केसांनी आल्या, माझा चेहरा पाहिला आणि ओठावर बोट ठेवलं. "केव्हाच संपली ती," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "पाझरून लुगडं खराब करायला लागली, मग टाकली." मी हातवारे करून विचारलं, मग कळतं कसं? "बघते ना त्यांच्या तोंडाकडे. इतक्या वर्षांत पाठ झालंय. स्टो, नाहीतर पेन, नाहीतर थर्मास. डोळे बारीक केले की लांब 'हं' म्हणायचं, हात उडवला की तुटक." झाकण बसवून त्यांनी डबी गळ्यात घातली, बटण कानात अडकवलं. "बोलू देत. कळलं तर पुन्हा गप्प बसतील."

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. मामंजींना कुठल्याही वस्तूचा बिघाड मागून ऐकू यायचा, आणि ही वस्तू तर अख्खीच बिघाड होती. शेजारीण "आता त्यांना छान ऐकू येतं हो" म्हणाली की मी विषय बदलत असे. आणि खरं सांगायचं तर मला हसूही यायचं. जन्मभर जाहिरातींनी फसवलेल्या माणसाला शेवटी घरातल्या बाईनं फसवलं होतं, आणि तो त्याची फुकट जाहिरात करत गावभर हिंडत होता.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी फुलं निवडत बसले होते. सासूबाई न्हात होत्या. मामंजी दोन पाट मांडून एकेक वस्तू ठेवत होते. चालू पाटावर विळी, अडकित्ता, कात्री. बंद पाटावर घड्याळ, पेन, पट्टा. मग त्यांनी कोनाड्यातली डबी उचलली, थोडी हातात तोलली आणि बंद पाटावर पेन आणि थर्मासच्या मध्ये ठेवून दिली. तिला कुंकू लावलं. फूल वाहिलं. वर चिमूटभर साखर ठेवली.

माझ्या हातातलं ताट कलंडलं. "मामंजी," मी म्हटलं, "ते चालू आहे."

"सूनबाई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "गेल्या होळीपासून त्यानं शिट्टी मारलेली नाही. मांजर तिच्या मांडीवर जाऊन झोपतं. माझे कान शाबूत आहेत." गावभर केलेली ती तारीफ मला आठवली. "मग तुम्ही सगळ्यांना सांगत होतात..." "मी सांगितलं नाही तर तिला संशय येईल," ते म्हणाले. "अगं, पूर्वी तिला ऐकू यायचं तेव्हा ती विळीकडे बघत 'हं' म्हणायची. आता माझ्या तोंडाकडे बघत बसते. लग्न झाल्यापासून इतकं कधी बघितलं नव्हतं तिनं माझ्याकडे. ही बॅटरी संपली ते बरंच झालं म्हणायचं." मोरीचं दार वाजलं. मामंजींनी डबी पटकन उचलली, तिच्यावरची साखर फुंकून टाकली आणि ती चालू पाटावर विळीशेजारी ठेवली. सासूबाई आल्या, पाटाकडे बघून समाधानानं मान हलवली. त्यांच्या दोघांच्या मध्ये मी फुलं वेचत बसले, कारण दुसरं काही करणं मला शक्य नव्हतं.

तो खेळ पुढे काही वर्षं चालला. लढाई संपली. आता बॅटऱ्या मिळू लागल्यात, असं एकदा यजमान जेवताना म्हणाले, तर मामंजींनी आणि मी दोघांनीही त्यांच्याकडे इतकं रागावून पाहिलं की त्यांनी मुकाट्यानं ताक मागितलं. संस्थान विलीन होण्याच्या सुमाराला मामंजी गेले. चार दिवसांचा ताप, फार हाल झाले नाहीत. शेवटच्या सकाळी डॉक्टरांनी छातीला नळी लावली तेव्हा ते डोळे उघडून म्हणाले, "ही वस्तू चांगली आहे. हिच्यात बॅटरी नाही." सासूबाई पायाशी बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. "हं," म्हणाल्या. ते मामंजींना पोचलं असावं, कारण त्यांनी पुन्हा डोळे मिटले ते अगदी निवांत मिटले. मामंजी गेल्यावर मी खूप रडले. ज्या माणसाची बडबड चुकवायला मी कामं काढत असे, त्याच्या उंबऱ्यावरून येता-जाता माझा पाय अडखळू लागला.

पुढची खंडेनवमी आली. सुतक-दुःखाचं वर्ष, गोडधोड काही नव्हतं, पण सासूबाईंनी दोन्ही पाट स्वतः मांडले. घड्याळ, पेन, पट्टा, थर्मास आपापल्या जागी गेले. मामंजींचा टाक त्यांनी बराच वेळ हातात धरला आणि तो बंद पाटावर ठेवला. मग गळ्यातली डबी काढली. मला वाटलं, आता हीही तिथेच जाईल. आता कुणापुढे सोंग करायचं राहिलं होतं? सासूबाईंनी ती चालू पाटावर विळीशेजारी ठेवली, वायर नीट गुंडाळली आणि फूल वाहिलं.

मी त्यांच्या समोर गेले. ओठ सावकाश हलवून म्हटलं, "आई, त्यात काही नाही."

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तरी चालू आहे. दिवसभर बोलणं चाललेलं असतं त्यांचं. आज सगळ्यांना सुट्टी, म्हणून गप्प आहेत."

दसऱ्याला सकाळी सासूबाई गवार चिरायला बसल्या. डबी गळ्यात होती, बटण कानात. मी चूल पेटवत होते, कारण स्टोची पिन पुन्हा अडकली होती आणि मी त्याला मनातल्या मनात मामंजींचा प्रश्न विचारत होते. वळून पाहिलं तर सासूबाईंची विळी थांबलेली होती. मान वर करून त्या उंबऱ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी डोळे जरा बारीक केले आणि एक लांब 'हं' म्हणून पुन्हा शेंगा चिरायला घेतल्या.